साक्ष, पाठभेद आणि सादृश्य : ट्युबिंगेन येथील दोन अध्ययनशाखा

जर्मनीत माध्यमिक शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला विद्यापीठात सामान्यतः दोन विषय घ्यावे लागतात, आणि धर्मशिक्षण हा तेथील शाळांतील रीतसर विषय असल्यामुळे इतिहास व ख्रिस्ती धर्मशास्त्र ही जोडी तेथे अपरिचित नाही. असा विद्यार्थी सकाळच्या तासाला मार्ककृत शुभवर्तमानाचा ग्रीक पाठ वाचतो आणि दुपारी विसाव्या शतकातील एखाद्या मंत्रालयाची टिपणे. पहिल्या संहितेच्या भोवती अठराशे वर्षांचे भाष्य साचलेले असते. दुसऱ्या संहितेच्या भोवती कधी कधी मौनच असते. ही जोडी केवळ वेळापत्रकाच्या सोयीतून झालेली आहे असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु नेकार नदीकाठच्या ट्युबिंगेन या लहानशा गावातील विद्यापीठाचा इतिहास पाहिला, तर या दोन शाखांनी एकमेकींकडून काय घेतले, एकमेकींपासून काय लपविले आणि एकमेकींना कोणते प्रश्न विचारावयाचे टाळले, याचा बराच उलगडा होतो.

आधुनिक इतिहासलेखनाचे जनकत्व रांकेकडे दिले जाते. १८२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्या ग्रंथाच्या परिशिष्टात त्याने ग्विच्चार्दीनी आदी इतिहासकारांची जी झडती घेतली, ती साधनचिकित्सेचा आदर्श पाठ मानली जाते. रांकेचे शिक्षण लाइपझिग येथे धर्मशास्त्र आणि अभिजात भाषाशास्त्र या विषयांत झाले होते, ही गोष्ट मात्र चरित्रातील तपशील म्हणून नोंदवून सोडून दिली जाते. कोणता ग्रंथ कोणावर अवलंबून आहे, कोणी कोणाचे उतरवून घेतले, उतरवताना काय गाळले व काय वाढविले, हे प्रश्न शुभवर्तमानांच्या अभ्यासकांच्या हाती आधीच होते. ग्रीसबाखने अठराव्या शतकाच्या सत्तरीतच मत्तय, मार्क आणि लूक यांचे पाठ शेजारी शेजारी रकान्यांत छापून वाचकाची नजर आडवी फिरविली होती. ही साधी मांडणी वाचनाची क्रियाच बदलून टाकणारी होती. एक ग्रंथ आरंभापासून अखेरपर्यंत वाचणारा भाविक आणि तीन ग्रंथ ओळीमागून ओळ ताडून पाहणारा अभ्यासक यांच्यात पुढे जो दुरावा आला, तो या रकान्यांतूनच आला, असे म्हटले तर ते फारसे चूक ठरणार नाही.

ट्युबिंगेनमध्ये फर्डिनांड क्रिस्टियान बाउर १८२६ पासून १८६० मधील मृत्यूपर्यंत अध्यापन करीत होता. त्याचा शिष्य डाव्हिड फ्रीडरिश श्ट्राउस याने १८३५ मध्ये येशूचे चिकित्सक चरित्र लिहिले, तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. शुभवर्तमानांतील अद्भुत प्रसंग हे कपटही नव्हेत आणि गैरसमजुतीने फुगलेल्या साध्या घटनाही नव्हेत. श्रद्धावान समूहाच्या कल्पनेने जुन्या कराराच्या साच्यातून घडविलेली ती मिथके आहेत, हा त्याचा सिद्धान्त. त्याला ट्युबिंगेनमधील जागा गमवावी लागली. १८३९ मध्ये झ्युरिक येथे त्याची नेमणूक झाली, ती त्याने स्वीकारण्याआधीच लोकक्षोभामुळे रद्द करून त्याला निवृत्तिवेतन देण्यात आले. आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तेथील उदारमतवादी सरकारही उलथून पडले. एका ग्रंथाच्या वाचनपद्धतीवरून सरकार कोसळण्याचा हा प्रसंग साहित्यसमीक्षकांना हेवा वाटावा असाच आहे.

बाउरचा श्ट्राउसवरील आक्षेप वेगळा आणि अधिक मूलगामी होता. श्ट्राउसने कथांची चिकित्सा केली, पण त्या कथा ज्या ग्रंथांत येतात त्या ग्रंथांची चिकित्सा केली नाही, असे त्याचे म्हणणे. हा ग्रंथ कोणत्या पक्षाने, कोणत्या वादात, कोणाला पटविण्यासाठी लिहिला, हे ठरविल्यावाचून त्यातील वृत्तान्ताचे मोल ठरत नाही. म्हणजे संहिता ही प्रथम आपल्या निर्मितिकाळाची साक्ष असते, आणि नंतर तिच्यात वर्णिलेल्या काळाची. आज कोणताही आधुनिक इतिहासकार हे तत्त्व इतके गृहीत धरतो की ते कोणाकडून आले, याचा त्याला विसर पडलेला असतो. बाउरचे निष्कर्ष पुष्कळसे टिकले नाहीत. योहानकृत शुभवर्तमान त्याने दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात ढकलले होते. १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पपायरसच्या एका लहानशा तुकड्याने त्या कालनिर्णयाला जबर धक्का दिला. पौल आणि पेत्र यांच्या पक्षांचा जो द्वंद्वात्मक संघर्ष त्याने रंगविला, त्यावर हेगेलची दाट छाया आहे. तरीही लक्षात घ्यावयास हवे ते असे की याच बाउरने ख्रिस्ती मंडळीचा पाच खंडांचा इतिहास लिहिला आणि त्याचा शेवटचा खंड, जो १८६२ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाला, तो त्याच्या स्वतःच्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकाचा आहे. पहिले शतक आणि आपले शतक यांना एकच पद्धत लावता येते, याविषयी त्याच्या मनात संदेह नव्हता.

त्याच्या वारसांना हे ऐक्य पेलले नाही. पहिल्या शतकापुरती चिकित्सा आणि चालू शतकापुरती निष्ठा अशी वाटणी हळूहळू झाली. गेर्हार्ड किट्टल हे या वाटणीचे सर्वांत अस्वस्थ करणारे उदाहरण होय. १९२६ पासून ट्युबिंगेनमध्ये नव्या कराराचे प्राध्यापक असलेले किट्टल हे प्राचीन यहुदी वाङ्मयाचे जाणकार होते. त्यांनी संपादिलेल्या नव्या कराराच्या ईश्वरशास्त्रीय शब्दकोशाचा पहिला खंड १९३३ मध्ये पूर्ण झाला. त्याच वर्षी मे महिन्यात ते नाझी पक्षाचे सदस्य झाले आणि जूनमध्ये त्यांनी 'यहुदी प्रश्ना'वर व्याख्यान दिले. जर्मनीतील यहुद्यांना परकीयांचा दर्जा द्यावा, असे त्यात सुचविले होते. पुढे वाल्टर फ्रांकने स्थापन केलेल्या 'नव्या जर्मनीच्या इतिहासा'च्या संस्थेत यहुदी प्रश्नाचा जो संशोधनविभाग निघाला, त्यात किट्टल सामील झाले. आधुनिक इतिहास आणि आरंभीचे ख्रिस्ती धर्मग्रंथ यांचा संयोग येथेही झाला आहे, हे विसरता येत नाही. १९४५ मध्ये फ्रेंचांनी त्यांना अटक केली. १९४८ मध्ये ते वारले.

किट्टल यांची पद्धत ढिसाळ होती, असे म्हणून सुटका करून घेता येत नाही. ग्रीक शब्दांची व्युत्पत्ती, हिब्रू समांतरे, पाठांचे संदर्भ यांत त्यांची शिस्त कडक होती. उणीव होती ती बाउरच्या प्रश्नाची: योहानकृत शुभवर्तमानात 'यहुदी' हा शब्द कोणत्या वादातून आला, कोणी कोणाविरुद्ध वापरला, आणि तो शब्द एका लहानशा यहुदी गटाच्या घरगुती भांडणातून उचलून युरोपातील राज्यसत्तेच्या तोंडी घातला की त्याचा अर्थ काय होतो? १९६१ मध्ये जेम्स बार यांनी या कोशाच्या भाषाशास्त्रीय पायावरच बोट ठेवले. शब्द आणि संकल्पना यांची गल्लत करून, जणू प्रत्येक शब्दाच्या पोटात एक पूर्ण तत्त्वज्ञान दडलेले असते असे मानून हा कोश रचला गेला आहे, असा त्यांचा आक्षेप होता. वाक्यातून आणि प्रसंगातून शब्द सोडविला की तो कोणाच्याही हातात जाऊ शकतो. बार यांचा मुद्दा भाषाशास्त्राचा होता. त्याचा राजकीय अर्थ ट्युबिंगेनमध्ये आधीच घडून गेला होता.

या पार्श्वभूमीवर १९५१ मध्ये हान्स रोथफेल्स आधुनिक इतिहासाचे प्राध्यापक म्हणून ट्युबिंगेनला आले. यहुदी कुळात जन्मलेले, तरुणपणी प्रोटेस्टंट झालेले, राष्ट्रवादी वृत्तीचे हे इतिहासकार क्योनिग्जबर्ग येथील जागा गमावून अखेर अमेरिकेत गेले होते. १९५३ मध्ये त्यांनी समकालीन इतिहासाचे जे त्रैमासिक सुरू करण्यात पुढाकार घेतला, त्याच्या आरंभीच्या लेखात समकालीन इतिहास म्हणजे आज हयात असलेल्यांनी जगलेला कालखंड, अशा आशयाची व्याख्या त्यांनी केली. नव्या कराराच्या अभ्यासकाला ही व्याख्या ऐकताच लूकची प्रस्तावना आठवावी. प्रत्यक्षदर्शींची पिढी आणि लिहिणाऱ्याची पिढी यांतील अंतर हाच तेथेही विषय आहे. त्याच वर्षी या त्रैमासिकात रोथफेल्स यांनी कुर्ट गेर्श्टाइनचे निवेदन प्रसिद्ध केले.

गेर्श्टाइन खाणकामाचा अभियंता, हिटलरच्या चर्चविषयक धोरणाला विरोध करणाऱ्या 'कबुली देणाऱ्या चर्च'शी जोडलेला. ट्युबिंगेन हे त्याच्या कुटुंबाचे गाव. १९४१ मध्ये तो एसएसमध्ये शिरला. ऑगस्ट १९४२ मध्ये, स्वच्छताविभागाचा अधिकारी या नात्याने, त्याने पोलंडमधील बेल्झेक येथील छावणीत माणसे वायूने मारली जाताना पाहिली. इंजिन बंद पडले आणि माणसे आत कोंडलेली असताना तो हातातील घड्याळावर वेळ मोजत उभा होता. परतीच्या गाडीत भेटलेल्या फोन ओटर या स्वीडिश मुत्सद्द्याला त्याने हे सर्व सांगितले. १९४५ च्या वसंतात फ्रेंचांच्या स्वाधीन झाल्यावर रॉटवाइल येथे त्याने आपले निवेदन लिहिले, आणि ते एकदा नव्हे, अनेकदा लिहिले: २६ एप्रिलचे फ्रेंच, ४ मेचे जर्मन, आणि त्यांच्या मागेपुढे इतर पाठ. त्याच वर्षी जुलैमध्ये पॅरिसच्या तुरुंगात तो फाशी लावून घेतलेल्या अवस्थेत मृत आढळला. साक्षीदार गेला आणि पाठभेद उरले.

हे पाठ एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. काही आकडे अविश्वसनीय आहेत: पंचवीस चौरस मीटरच्या जागेत सातशे-आठशे माणसे. ऐकीव माहितीचे आकडे तर याहून फुगलेले. लेऑन पोलियाकॉव यांच्या १९५१ च्या ग्रंथात हेच क्षेत्रफळ ९३ चौरस मीटर छापले गेले. हस्तलिखितांशी परिचय असणाऱ्याला हा प्रकार नवा नाही. अशक्य वाटणारा पाठ नक्कल करताना शक्यतेच्या जवळ सरकतो. १९८५ मध्ये फ्रान्समधील नांत येथे आंरी रोक याने याच पाठभेदांचा तौलनिक अभ्यास प्रबंध म्हणून सादर केला, पदवी मिळविली, आणि साक्ष निरुपयोगी आहे म्हणून घटनाही संशयास्पद आहे, अशा दिशेने वाचकाला नेले. पुढच्या वर्षी ती पदवी प्रशासकीय अनियमिततेच्या कारणावरून रद्द झाली. अनियमितता खऱ्या होत्या. पण त्यामुळे पद्धतीविषयीचा प्रश्न अनुत्तरितच राहिला. रकाने आखून पाठ ताडणे हे तर बाउरच्या वर्गातही चालत होते. मग फरक कोठे पडतो?

येथे नव्या कराराचा विद्यार्थी इतिहासाच्या विद्यार्थ्यापेक्षा एक पाऊल पुढे असतो, कारण हा वाद त्याच्या शास्त्रात दोनशे वर्षांपूर्वी होऊन गेलेला आहे. रायमारुसच्या मृत्यूनंतर लेसिंगने १७७४ ते १७७८ या काळात त्याच्या लिखाणाचे जे अंश प्रसिद्ध केले, त्यांत पुनरुत्थानाच्या सकाळच्या वृत्तान्तांतील विसंगती एकामागून एक मांडल्या होत्या. कबरीकडे गेलेल्या स्त्रिया मार्कमध्ये तीन, मत्तयात दोन, योहानात नावाने उल्लेखिलेली एकच. तेथे दिसलेला एके ठिकाणी तरुण, दुसऱ्या ठिकाणी देवदूत, तिसऱ्या ठिकाणी दोन पुरुष. यावरून कथा रचलेली आहे आणि शिष्यांनी प्रेत पळविले, असा रायमारुसचा निष्कर्ष. प्रकाशक असूनही लेसिंगने तो मानला नाही. निवेदकांतील विसंगती ही साक्षीदारांतील विसंगती नव्हे, आणि तपशीलातील भेदावरून मूळ घटना नाकारता येत नाही, असे त्याने प्रतिपादिले. मात्र मान्यही करता येत नाही, याचीही त्याला जाण होती. त्याच्या कितीतरी आधी, दुसऱ्या शतकात, तातियानाने चारही शुभवर्तमाने विणून एकच सलग कथा तयार केली होती आणि सिरियातील मंडळ्यांनी ती दीर्घकाळ वापरली. तरीही अखेरीस चार विसंगत ग्रंथ शेजारी शेजारी ठेवण्याचाच निर्णय टिकला. श्रद्धेच्या दृष्टीने हा निर्णय गैरसोयीचा होता. इतिहासाच्या दृष्टीने तो उपकारक ठरला.

रोकच्या प्रबंधाचे वैगुण्य तो फार चिकित्सक होता हे नसून, चिकित्सा अर्ध्यावर थांबविली हे आहे. पाठभेद नोंदविल्यावर ते का उद्भवले, हा प्रश्न यावयास हवा होता. पकडलेला, थकलेला, परभाषेत लिहिणारा, स्वतःच्या सहभागाचे ओझे वाहणारा माणूस आकडे कसे सांगतो? त्याने पाहिलेले कोणते आणि ऐकलेले कोणते? शिवाय स्वतंत्र साक्षींचे काय? मारबुर्ग येथील स्वच्छताशास्त्राचे प्राध्यापक फानेनश्टील त्या दिवशी गेर्श्टाइनबरोबर होते. आपल्या तोंडी घातलेली वाक्ये त्यांनी नाकारली, पण माणसे मारली गेल्याचे नाकारले नाही. बेल्झेकमधून वाचलेल्या रुडॉल्फ रेडर यांची साक्ष १९४६ मध्येच छापून आली होती. फोन ओटरने गाडीतील संभाषणाला दुजोरा दिला. एकाच निवेदनाचे अनेक पाठ आणि अनेक स्वतंत्र निवेदने यांतील भेद समदर्शी शुभवर्तमानांवर काम करणाऱ्याला पहिल्या सत्रातच शिकविला जातो. रोकचा प्रबंध पहिल्याचा पसारा मांडून दुसऱ्याकडे पाठ फिरवतो.

तथापि येथवरचा विचार हा केवळ नव्या कराराच्या शाखेने आधुनिक इतिहासाला दिलेल्या धड्याचा झाला. उलट दिशेचा धडा अधिक अवघड आहे. एर्न्स्ट त्रोएल्च यांनी १८९८ मधील एका प्रसिद्ध निबंधात ऐतिहासिक पद्धतीची तीन तत्त्वे सांगितली: चिकित्सा, सादृश्य आणि परस्परसंबंध. यांपैकी सादृश्याचे तत्त्व असे की जे आज घडताना दिसते त्याच्याशी साम्य असेल, तरच भूतकाळातील घटना संभाव्य मानावी. याच शस्त्राने शुभवर्तमानांतील चमत्कार इतिहासाच्या बाहेर काढले गेले. बेल्झेकसमोर हे शस्त्र बोथट होते. ज्याचा पूर्वानुभव नव्हता ते घडले होते, आणि नाकारणाऱ्यांचा युक्तिवाद नेमका 'हे तांत्रिकदृष्ट्या शक्य तरी होते काय' असा सादृश्याच्या वळणाचा होता. फेब्रुवारी १९७९ मध्ये चौतीस फ्रेंच इतिहासकारांनी 'ल मोंद'मध्ये जे निवेदन केले, त्यात हा प्रश्नच उलटा फिरविला होता: घटना घडली या अर्थीच ती शक्य होती, चौकशीची सुरुवात तेथून व्हावयास हवी. त्याच्या कर्त्यांपैकी एक पिएर व्हिदाल-नाके हे मूळचे प्राचीन ग्रीसचे अभ्यासक आणि पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार योसेफसचे भाष्यकार होते, हा केवळ योगायोग मानण्याचे कारण नाही.

एखाद्या धर्मशास्त्रज्ञाला यातून मोह होणे साहजिक आहे: सादृश्याचे तत्त्व जर बेल्झेकला लागू पडत नसेल, तर ते रिकाम्या कबरीलाही का लावावे? हा उतावळेपणा होय, आणि त्यात मृतांची अवहेलनाही आहे. बेल्झेकविषयी मारेकरी, वाचलेला, त्रयस्थ आणि जमीन अशा परस्परविरोधी हितसंबंधांच्या साक्षी एकत्र येतात. कबरीविषयी ज्या साक्षी आहेत त्या सर्व एकाच श्रद्धावान परंपरेतून आलेल्या आहेत. सादृश्य हे अंतिम न्यायालय नाही एवढेच सिद्ध होते. खालच्या न्यायालयांचे काम त्यामुळे संपत नाही.

१९५३ च्या ऑक्टोबरात, म्हणजे रोथफेल्स यांनी गेर्श्टाइनचे निवेदन छापले त्याच वर्षी, एर्न्स्ट केझेमान यांनी ऐतिहासिक येशूचा प्रश्न नव्याने उभा केला. पुढे १९५९ मध्ये तेही ट्युबिंगेनला आले. त्यांनी वापरलेला निकष असा: येशूचे जे वचन तत्कालीन यहुदी परंपरेतूनही निघत नाही आणि आरंभीच्या मंडळीलाही चिकटवता येत नाही, ते निश्चितपणे त्याचे. नाझी काळात तुरुंगवास भोगलेल्या केझेमान यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण हा निकष येशूला त्याच्या यहुदी परिसरातून उपटूनच ओळखू पाहतो, हे त्या काळी फारसे कोणाला खटकले नाही. १९८५ मध्ये सँडर्स यांच्या येशू व यहुदी धर्मावरील ग्रंथानंतर चित्र पालटले. आधुनिक इतिहासाच्या वर्गातून येणाऱ्या विद्यार्थ्याला या निकषाचा वास लवकर आला असता, असे मानावयास जागा आहे.

मराठी वाचकाला या चर्चेत एक ओळखीचा सूर सापडेल. रा. गो. भांडारकरांनी १८८८ मध्ये मुंबईत चिकित्सक, तौलनिक आणि ऐतिहासिक पद्धतीवर व्याख्यान दिले, ते जर्मन विद्वत्तेच्या निकट परिचयातून. १८९८ पासून राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापावयास घेतली आणि बखरींपेक्षा अस्सल कागदाला मान दिला. बखरींच्या अतिशयोक्तीला कंटाळलेल्या पिढीला तो आग्रह आवश्यकच होता. परंतु अस्सल कागद हीच अंतिम साक्ष मानली, तर कागद जाळणाऱ्याची सोय होते. बेल्झेकची छावणी १९४३ मध्ये पाडून तेथे झाडे लावण्यात आली, ती याच हिशोबाने. तेथे उरली ती बखर: एका माणसाची, अनेक पाठांची, फुगलेल्या आकड्यांची.

कागदही अखेर सापडला. इंग्लंडमधील अभिलेखागारात, ब्रिटिशांनी युद्धकाळात पकडून उलगडलेल्या संदेशांमध्ये, हर्मान ह्योफ्ले या एसएस अधिकाऱ्याची जानेवारी १९४३ मधील तार २००० मध्ये उजेडात आली. १९४२ अखेरपर्यंत बेल्झेकला आणलेल्यांची संख्या तीत ४,३४,५०८ अशी दिली आहे. ती तार पाहिल्यावर गेर्श्टाइनचे ऐकीव आकडे बाजूला ठेवता येतात. दरवाजे बंद झाल्यावर इंजिन चालू होईना तेव्हा बाहेर काय घडत होते, याविषयी तारेत एक अक्षरही नाही. त्यासाठी अजूनही फ्रेंच पाठ आणि जर्मन पाठ शेजारी शेजारी रकान्यांत मांडूनच वाचावे लागतात.